नाहीवरचा शिक्का

आमच्या शर्टांच्या कारखान्यात एकदा भोंगा बंद पडला. जेवणाची सुट्टी झाली तरी तो वाजेना आणि सुपरवायझर म्हणाला, भोंगा वाजल्याशिवाय जागचं कुणी उठायचं नाही. तेव्हा कॉलर लाइनवरची एक बाई उठली, जिन्याच्या तोंडाशी गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तिने असा काही आवाज काढला की खालच्या मजल्यावरचे पॅकिंगचे पुरुषही डबे घेऊन बाहेर पडले. त्या दिवसापासून ती भोंगाताई झाली. हजेरीपटावर तिचं दुसरं नाव आहे, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ती स्वतःच इकडेतिकडे बघते, कोणाला बोलावलं म्हणून.

माझं मशीन तिच्या मागचं. ती कॉलर शिवून, उलटवून टोकं बाहेर काढायची आणि मागे सरकवायची, मी त्यावर कडेची शिलाई घालायची. नऊ वर्षं मी तिची पाठ पाहिली आहे. ती रागावली की डावा खांदा वर जायचा, आणि खांदा वर गेला की आम्ही समजायचो, आता कुणाची तरी धडगत नाही. बायकांच्या संडासाला कडी नव्हती, ती हिने मिळवली. सातव्या महिन्यातल्या एका बाईला इस्त्रीपाशी उभं केलं होतं, तिला हिने बसायचं काम मिळवून दिलं. युनियनची प्रतिनिधी म्हणून दर वेळी आम्ही तिलाच निवडून द्यायचो. दुसरं कुणी उभंच राहायचं नाही.

तिचा नवरा पूर्वी कापड रंगवायच्या कारखान्यात होता. तिथे संप झाला, अकरा महिने चालला आणि शेवटी मालकाने कारखान्यालाच टाळं लावलं. त्याला पुन्हा कुठे काम मिळालं नाही. पण तो रोज सकाळी दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचा. ताई हसत सांगायची, "आमचे साहेब वेळेवर ड्यूटीवर असतात, फक्त ऑफिस यायचं राहिलंय." आम्हीही हसायचो. ती गेटवर भाषण करायची तेव्हा तो रस्त्यापलीकडे येऊन उभा राहायचा. टाळ्या वाजवायचा नाही, पण मान अशी ताठ ठेवायचा की बघणाऱ्याला वाटावं, हे भाषण यानेच लिहून दिलंय.

मग नवा कामगार कायदा आला. त्यातल्या दोन गोष्टींनी आमचं सगळं बदललं. एक म्हणजे मालकाला आता कायम कामगार ठेवायचं बंधन राहिलं नाही. एका वर्षाच्या मुदतीचं पत्र द्यायचं, वर्ष संपलं की हवं तर नवं द्यायचं, नको तर रामराम. दुसरी गोष्ट संपाची. पूर्वी गेटवर हात वर केले की संप ठरायचा. आता आधी नोटीस, मग कामगार कार्यालयातल्या साहेबांसमोर गुप्त मतदान, आणि पटावर जितकी नावं असतील त्यांच्या निम्म्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं तरच संप कायदेशीर. कायदा चांगला की वाईट, यावर टीव्हीवर लोक हिरिरीने भांडत होते. आमच्यापुरता प्रश्न एवढाच होता, की मॅनेजरने फळ्यावर कागद लावला होता: पुढच्या महिन्यापासून सर्वांना मुदतीची पत्रं मिळतील.

पटावर एकशेबारा नावं होती. म्हणजे सत्तावन्न मतं हवी होती. कटिंग, इस्त्री आणि पॅकिंगच्या पुरुषांनी उघडच सांगितलं, आम्ही संपात नाही. त्यांना ओव्हरटाइम देण्याचं आश्वासन मिळालं होतं. उरलो आम्ही शिवणीच्या हॉलमधल्या साठ बायका. साठ असल्यावर सत्तावन्न काय अवघड? जेवणाच्या सुट्टीत ताई बाकावर उभी राहिली आणि आमचे हात वर घेतले. एकोणसाठ हात वर गेले.

हात वर न केलेली एकच बाई होती, ती म्हणजे काजवहिनी. त्या काजाच्या मशीनवर होत्या. त्यांचा दीर पूर्वी कटिंगला असायचा, तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळेच वहिनी म्हणायला लागले. अतिशय कमी बोलणारी बाई. दिवसभरात त्या जेवढे काज पाडायच्या त्याच्या एक शतांशही शब्द तोंडातून निघत नसत. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, कमावणारी मी एकटी आहे, मला एक दिवस विचार करू द्या. त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. ताई म्हणाली, करा की विचार, कुणी जबरदस्ती केलेली नाही.

मतदान कॅन्टीनमध्ये झालं. शर्टांच्या रिकाम्या खोक्यांचा आडोसा केला होता. आत एक टेबल, शाईची गादी, शिक्का आणि कागदावर दोन चौकोन, हो आणि नाही. त्या दिवशी तापाने फणफणलेल्या एका बाईला आम्ही रिक्षातून आणलं होतं. एकही नाव गैरहजर राहिलं नाही. दुपारी साहेबांनी मोजणी केली, दोनदा केली, आणि आकडा फळ्यावर खडूने लिहिला. हो छप्पन्न. नाही छप्पन्न.

एक मत कमी पडलं होतं.

साठातल्या चौघींनी नाहीवर शिक्का मारला होता. पण कुणीही चार म्हणेना. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच जण. कुणीतरी म्हणालं, तिने स्वतः तर दगा दिलाच, वर आणखी तिघींना फितवलं. संध्याकाळपर्यंत त्या तिघी कोण याचेही तर्क झाले, पण ते टिकले नाहीत. काजवहिनींचं मात्र पक्कं झालं. चेकिंग टेबलावरची बाई, तिला आम्ही चेकर म्हणतो, ती सरळ ताईकडे गेली आणि विचारलं, "ताई, तिनेच केलं ना?"

ताई कॉलरची टोकं काढत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "ज्याचं त्याला ठाऊक."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या वेळी मला ते मोठं मन वाटलं, की बघा, नाव घ्यायचंसुद्धा टाळते. हॉलला मात्र जे ऐकायचं होतं ते त्या तीन शब्दांत ऐकू आलं.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहायला घेतलंय तर लिहिते. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. काजवहिनी नळावर आल्या की नळ सोडून आम्ही बाजूला व्हायचो. कफ, पट्ट्या, कॉलर असं सगळं शेवटी त्यांच्याकडे काजाला जायचं, ते गठ्ठे त्यांच्या हातात द्यायचं सोडून आम्ही जमिनीवर ठेवायला लागलो. त्यांना दर वेळी खाली वाकावं लागायचं. जेवताना आमच्या टेबलाला आठ स्टुलं होती, आठवं त्यांचं. मतदानानंतर तिसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या तेव्हा मी ते स्टूल पायाने टेबलाखाली ओढून घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. पुढे वर्षभर त्या तिथेच जेवल्या.

पत्रं आली. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, ताईनेही केली. युनियनची निवडणूक आली तेव्हा ताई म्हणाली, या वेळी मी नाही, दुसऱ्या कुणाला करा. आम्हाला वाटलं, हरल्याची जबाबदारी स्वतःवर घेतेय बिचारी. आम्ही तिचं ऐकलं नाही, पुन्हा तिलाच निवडलं. तिला आणखी मान दिला. त्या वर्षी ती भाषणं आटोपशीर करायला लागली. तिचा नवरा पलीकडे उभा असायचा, मान तशीच ताठ, आणि ती एकदाही त्या बाजूला बघायची नाही. हे मला आता आठवतं, तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

वर्ष संपलं. अकरा जणांना नवं पत्र मिळालं नाही. कारण सांगायचं बंधन कायद्यात नव्हतं, त्यामुळे कुणी सांगितलंही नाही. त्या अकरांत काजवहिनी होत्या. हॉलमध्ये काही जणी समाधानाने म्हणाल्या, बघा, ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच हाकललं. ताईला नवं पत्र मिळालं. मलाही.

शेवटच्या दिवशी काजवहिनींनी खण रिकामा केला. कात्री, चष्म्याची डबी, एक फडकं. निघताना त्या आमच्या लाइनीपाशी आल्या आणि ताईसमोर उभ्या राहिल्या. वर्षभरात पहिल्यांदाच.

"ताई, मला एकदा विचारायचं होतंत," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

आणि जिना उतरून गेल्या. ताईचं मशीन चालूच राहिलं, पण मागे माझ्याकडे कॉलर येईना. मी वाकून पाहिलं तर पायडलवर पाय होता आणि सुईखाली कापड नव्हतं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी ताई माझ्या दारात आली. म्हणाली, माझ्याबरोबर चल, एकीकडे जायचंय, एकटीने जायला पाय उचलत नाही. कुठे ते रस्त्यात सांगितलं. मी विचारलं, तिच्याकडे कशाला जायचं? ती पुढे चालायला लागली.

काजवहिनींची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. एका भिंतीशी पलंग, त्यावर सासूबाई कुशीवर झोपलेल्या. खिडकीपाशी पायाचं शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग, उसवायला आणि लांबी वाढवायला आलेला. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत, पण बसा म्हणाल्या. बसायला एक पेटी होती. तिच्यावर आम्ही दोघी दाटीवाटीने बसलो.

ताईने काही प्रस्तावना केली नाही.

"वहिनी, मी नाहीवर शिक्का मारला होता."

काजवहिनी दोरा ओवत होत्या. त्यांनी तो ओवून पूर्ण केला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

ताई सांगत राहिली, खाली बघून, सलग. ती म्हणाली, आत जाईपर्यंत माझ्या मनात तसं काही नव्हतं, देवाशपथ नव्हतं. शिक्का हातात घेतला आणि यांचा सकाळचा चेहरा डोळ्यांसमोर आला, दाढी करून खुर्चीवर बसलेला. मला वाटलं, आता माझ्यासाठी दुसरी खुर्ची लागेल. आणि वाटलं, सत्तावन्न पाहिजेत, आपल्या साठ आहेत, माझ्या एकटीच्या नाहीने काय बिघडतंय. संप तर होईलच. संप झाला असता तर मी पुढे उभी राहिले असते, घोषणा दिल्या असत्या. फक्त मत तेवढं माझं नसतं.

"आणि चेकरने विचारलं तेव्हा?" काजवहिनींनी विचारलं. त्यांना ते शब्द कुणीतरी पोचवले होते.

"तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं," ताई म्हणाली. "तुमचं नाव आपोआप पुढे आलं होतं. मला काही करावंच लागलं नाही."

काजवहिनींनी मशीनचं चाक हाताने एकदा फिरवलं. मग म्हणाल्या, "मी होवर मारला होता. आदल्या दिवशी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्या जिकडे जातायत तिकडे जा, एकटी पडू नकोस."

पलंगावरच्या बाईंनी डोळे उघडे ठेवून हे ऐकलं. खाली दुकानात चाकाला हवा भरल्याचा आवाज येत होता.

ताई रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, पण ठेवला नाही. काजवहिनी तिला रडू नका म्हणाल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "मी नव्हते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ताई. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांगा."

परत येताना आम्ही अर्धा रस्ता चाललो. मग मी ताईला म्हटलं, कशाला सांगतेस, आता काय उपयोग, वहिनी तर गेल्या, तुझी उगाच शोभा होईल. मी हे तिच्या काळजीने म्हटलं असं तेव्हा मला वाटलं. खरं म्हणजे मला भीती होती, की तिचं खोटं उघडं पडलं तर माझ्या त्या स्टुलाचं काय करायचं.

तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ती बाकावर चढली नाही, टेबलाशी उभी राहिली. आवाज तिचा होता, पण इतका खाली की मागच्या बायका पुढे सरकल्या. चार वाक्यं बोलली असेल. नाहीवर शिक्का मी मारला. काजवहिनींनी होवर मारला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंड उघडलं नाही. त्यांना जे भोगावं लागलं ते माझ्यामुळे.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. डब्यांची झाकणं लागल्याचे आवाज आले. एकेक जण उठून आपापल्या मशीनकडे गेली, सुट्टी संपायला वेळ होता तरी. चेकर तेवढी जागेवर राहिली. ती म्हणाली, "तुझ्या एका शब्दावर मी त्या बाईशी वर्षभर बोलले नाही," आणि तीही गेली. ताई सरळ ऑफिसात गेली आणि प्रतिनिधीपदाचा राजीनामा देऊन आली.

उरलेल्या तिघी कोण, ते कधीच कळलं नाही. संध्याकाळी एक बाई नळापाशी ताईच्या शेजारी बराच वेळ उभी होती, हात धुऊन झाल्यावरही. ताईला वाटलं ती काही बोलणार. पण ती ओले हात पदराला पुसून निघून गेली. तिचं नाव ताईने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

नवऱ्याला तिने त्याच दिवशी सांगितलं, बाहेरून कळायच्या आत. त्याने विचारलं, "माझ्यामुळे?" ती म्हणाली, "तुमच्यामुळे नाही हो. मी घाबरले." त्यानंतर तो गेटकडे यायचा बंद झाला. घरात तो नीट वागतो, बोलतो, चहा करून देतो. पण संपाच्या दिवसांतल्या गोष्टी तो आधी रंगवून सांगायचा, त्या आता सांगत नाही. ताई म्हणते, त्याचं ते एवढंच उरलं होतं, तेही मी घेतलं.

मग आम्हाला सुचलं की काजवहिनींना परत घ्या म्हणून अर्ज करावा. चेकरने लिहिला, छप्पन्न सह्या झाल्या, आम्हाला आपलं आपल्यालाच जरा बरं वाटायला लागलं. मॅनेजरने वाचून बाजूला ठेवला. म्हणाला, काजाचं काम आता ठेकेदाराला दिलंय, ती जागाच नाही. मी आणि चेकर हे सांगायला सायकलच्या दुकानावर गेलो. काजवहिनींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला यायचं आहे का, ते विचारलंत का तुम्ही?" आम्ही पुन्हा तेच केलं होतं. त्या म्हणाल्या, त्यांचं इथे बरं चाललंय, शेजारच्या दोघीही हाताखाली आल्या आहेत, आणि सासूबाई नजरेसमोर असतात. चेकरने त्यांची माफी मागितली. त्यांनी हातातला गणवेश उसवत मान हलवली. ती हो होती की नुसतीच मान, हे चेकर मला अजून विचारते.

मी त्या दिवशी माफी मागितली नाही. चेकरच्या माफीत माझीही आली असं धरून मी गप्प बसले.

ताई अजून माझ्या पुढच्याच मशीनवर आहे. बायका तिच्याशी कामापुरतं बोलतात. काहींचा राग गेलाय, काहींचा जाणार नाही. जेवायला ती जिन्याच्या पायरीवर बसते. तिला कुणी तिथे पाठवलेलं नाही. मी कधीकधी तिच्याजवळ जाऊन बसते, रोज नाही.

गेल्या महिन्यात ठेकेदाराकडून एक नवी बाई काजावर आली, आमच्याच वयाची. तिने मला विचारलं, त्या बाई एकट्या का जेवतात? मी तिला सगळं सांगितलं. कायदा, मतदान, छप्पन्न, ताईचे ते तीन शब्द, काजवहिनींची खोली. ती ऐकत होती आणि मध्ये मध्ये म्हणत होती, अरेरे, किती वाईट वागल्या सगळ्या. मी म्हटलं, हो ना.

स्टुलाचं मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, कुणीतरी ओढून घेतलं.